कॉलरमागचं नाव

"कॉलर उलटून बघा, बाई," मेजर म्हणाले. "घाई नाही."

ओनोरीनने ओव्हरकोटाची कॉलर उलटली. आत लाल दोऱ्याने नाव शिवलेलं होतं: ले. बेलांजे. शेवटची अक्षरं जरा वर चढलेली. ती शिवत असताना नवऱ्याने निघायची घाई लावली होती.

शाँपेन प्रांतातल्या त्या चर्चच्या फरशीवर सम्राटाच्या पलटणीचे कालच्या लढाईत पडलेले अधिकारी ठेवले होते. या एकाचा चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. म्हणून मेजरांनी कोटातलं नाव पाहिलं आणि शेजारच्या गावाहून बायकोला बोलावून घेतलं. ते या पलटणीत परवाच आलेले. त्यांना जिवंत अधिकारीही नावाने ओळखता येत नव्हते, तिथे मेलेल्यांची काय कथा!

"टाके माझेच आहेत," ओनोरीन म्हणाली.

पलटणीला ब्रँडी विकणारी गोतोन जखमींना घोटघोट पाजत होती. ती थबकली. "ही कोण?"

"लेफ्टनंट बेलांजेंची विधवा," मेजर हळूच म्हणाले.

"कसली विधवा! बेलांजे आज सकाळीच माझ्याकडे ब्रँडी प्यायला, आणि वर पाणी घातलंस म्हणून मलाच बोलला!"

"पण हा कोट..."

"अहो साहेब, मेलेल्याचं सामान त्याच संध्याकाळी सोबत्यांत लिलावाला निघतं ना? गेल्या महिन्यात बेलांजे नदीत वाहून गेला असं वाटलं सगळ्यांना. झाला लिलाव. आणि दोन दिवसांनी हा आला की चालत! पण विकलं ते विकलं. कोट त्या नव्या पोराने घेतला होता, त्रुशोने." गोतोनने खाली पाहिलं. "हा त्रुशो आहे, साहेब."

मग ती दारात गेली आणि पुलाच्या दिशेने ओरडली, "बेलांजे! अरे मेल्या, बायको आलीय तुझी!"

तो धावत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, पण धडधाकट. ओनोरीन त्याच्या गळ्यात पडून रडली, मग नदीचं कळवलं नाहीस म्हणून तिने त्याला दोन गुद्दे घातले. त्रुशोसमोर असं हसू फुटावं याची तिला लाज वाटली, तरी ते आवरेना. सुटले, सुटले, एवढंच तिच्या मनात होतं.

तेवढ्यात त्याच्या मानेमागे गेलेल्या तिच्या बोटांना टाके लागले. तिने कॉलर उलटली. निळा दोरा, बारीक, नेटके टाके, कुणा दुसरीच्या हातचे: कॅ. मोरीसे.

"हा कुणाचा?"

बेलांजेने फरशीवरच्या मेलेल्यांकडे पाहिलं.

तिने कॉलर पुन्हा नीट बसवली आणि कोटाची बटणं एकेक करून पार गळ्यापर्यंत लावली.

"ऊब आहे ना याला?"

"आहे."

"मग असू दे," ती म्हणाली.