मागचा कोपरा

गुणाजी मागच्या कोपऱ्यापाशी उकिडवा बसला आणि यमुनाबाईंच्या कपाळावरची शीर उडाली. हाही तिथंच आला. ओटी पाहिली नाही, माजघर पाहिलं नाही. परसातली गोड्या पाण्याची विहीर दाखवली, तर 'बघू मागाहून' म्हणाला. घर बघायला येणारा प्रत्येक माणूस असा वाकून तो कोपरा हुंगायचा. जसा काही खाली उंदीर मरून पडलाय.

कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे, आपल्या गोठ्याच्या दारात, शेजारचा भिकाजी उभा होता. तो असायचाच. यमुनाबाईंकडे गिऱ्हाईक आलं की त्याला नेमकी म्हशींना गवत घालायची आठवण व्हायची.

"घर चांगलं हाय," तो गुणाजीला म्हणाला. "बाईपन भली हाय. फक्त तेवढा कोपरा संभाळा. एकदा खचलेला हाय."

यमुनाबाईंनी मग पुन्हा सगळं सांगितलं. कोपरा खचला होता, त्यात लपवायचं काय? एका आषाढात खालचा भराव बसला आणि भिंतीला भेग गेली. यजमानांनी भिंत टेकूंवर तोलून धरली, थोडी थोडी माती काढत कातळ लागेपर्यंत खणलं, आणि तिथून जांभ्याचे चिरे रचत वर भिंतीला आणून भिडवले. त्यानंतर यजमान गेले, कितीतरी पावसाळे गेले, पण भेगेत भरलेल्या चुन्याला साधा केसाएवढा तडा नाही.

गुणाजी ऐकत होता, म्हणजे मान हलवत होता. सारा जन्म मचव्यावर काढलेला माणूस तो. जमिनीवरच्या कुठल्याच वस्तूवर त्याचा विश्वास नव्हता. त्याने अंगठ्याच्या नखाने चुना खरवडून पाहिला. चुना काही निघाला नाही, तर नखाकडेच संशयाने बघितलं. त्याची बायको कमळा मात्र कधीची विहिरीच्या काठाशी जाऊन आत वाकून बघत होती.

"आधी भित आनि मागून पाया," भिकाजी गवताची पेंढी सोडत म्हणाला. "असं कुठं असतं? ठिगळ हाय तां."

गुणाजी उठला. हात झटकले. घरात विचारून कळवतो म्हणाला. ज्या बाईला विचारायचं ती दहा पावलांवर विहिरीशी उभी होती.

हे वाक्य यमुनाबाईंना आता पाठ झालं होतं. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. मुंबईला त्यांचा मुलगा गोदीतल्या माणसांबरोबर एका खोलीत दाटीवाटीने राहत होता. सून शिमग्याच्या सुमारास वारली. तिची रांगती पोर आज या शेजारणीकडे, उद्या त्या शेजारणीकडे वाढत होती. घर विकलं तर वेगळी खोली, खोली झाली तर यमुनाबाई मुंबईत, आणि नात त्यांच्या मांडीवर. एवढी सरळ गोष्ट, आणि ती येऊन अडायची या मेल्या कोपऱ्याशी. भिकाजीला हे सगळं ठाऊक होतं. बोटी बंद झाल्या की तोच येणार होता, उपकार केल्यासारखं तोंड करून पडत्या भावात घर मागायला.

त्या पडवीत गेल्या आणि पहार घेऊन आल्या.

"खोट त्या पायातच हाय ना," त्या म्हणाल्या. "मग काढूनच टाकते. ह्यांनी उगाच घातला."

भिंतीच्या बुडाशी नव्या चिऱ्यांचा थर हातभर बाहेर आलेला दिसत होता. त्यांनी पहारेचं टोक सांध्यात घातलं आणि सगळा भार टाकला. अंगात भार तो केवढा, पण संतापाचं वजन त्यात होतं. चिरा बोटभर सरकला. त्याबरोबर पलीकडच्या गोठ्याच्या भिंतीतून भसकन माती गळली आणि आतल्या म्हशी दावी ताणून ओरडल्या.

भिकाजी गडगा ओलांडून आला. या वयात तो गडग्यावर चढू शकतो, हे कुणाला माहीत नव्हतं.

"वयनी, तो चिरा काढू नका."

"का म्हणून? खचलेलाच हाय ना?"

भिकाजीने सरकलेल्या चिऱ्यावर पाय रोवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "माझ्या गोठ्याची भित हाय त्याच्यावर."

गुणाजी पुन्हा उकिडवा बसला. या वेळी त्याने नीट पाहिलं. बाहेर आलेला तो थर गडग्याखालून थेट पलीकडे गेला होता आणि त्याच्यावर गोठ्याची अख्खी भिंत निवांत टेकली होती. भिकाजीने त्या बाजूला पाया खणलाच नव्हता. आयता मिळाला होता.

"पक्का हाय काय?" गुणाजीने विचारलं.

भिकाजीने यमुनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पहार अजून सोडली नव्हती.

"पक्का हाय," तो म्हणाला. "खाली कातळाला टेकलाय. मी दोन म्हशी बांधतंय."

कमळाने तोवर विहिरीतून कळशी ओढून काढली होती. ओंजळभर पाणी पिऊन तिने नवऱ्याला हाक मारली, पाणी गोड आहे, येऊन बघा म्हणाली. गुणाजी गेला आणि प्यायला. मग पायरीवर वहाणा काढून, न सांगता ओटीवर जाऊन बसला.

मागे भिकाजी गुडघ्यांवर ओणवा होऊन सरकलेला चिरा दोन्ही हातांनी आत रेटत होता. यमुनाबाई पहार टेकून त्याच्या डोक्यावर उभ्या होत्या.

"नीट बशवा, भावजी," त्या म्हणाल्या. "मला घर इकायचं हाय."