हातची चूक

"पुन्हा तपासायचंय? सोमवारी तुम्हीच बसवलीत ना ती मेमरी?" लॅबवाल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "मशीन झकास चाललंय. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं, कॉम्प्युटरवाले."

"सोमवारी घाई होती, मॅडम. पट्टी बसवली, मशीन सुरू झालं आणि निघालो. टेस्ट लावलीच नाही."

हे मात्र खरं होतं. वीस वर्षांच्या धंद्यात नवी मेमरी टेस्ट न लावता त्याने कुणाच्या गळ्यात मारली नव्हती. नेमकी इथेच मारली, आणि तेव्हापासून त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. आपल्या दुकानाच्या पाटीवर त्याने स्वतःच रंगवून घेतलं होतं : चूक दाखवा, पैसे परत.

"कुणी तक्रार केलीय का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग? चूक निघाली तर सोमवारपासूनचे सगळे रिपोर्ट मला परत करावे लागतील. दवाखान्यांना फोन, माफ्या, बोंबाबोंब. तुमचं तर दुकानच उठेल!"

"उठू दे," तो म्हणाला.

बाई हसल्या. त्यांना वाटलं, गडी प्रामाणिकपणाच्या झटक्यात बोलतोय.

सकाळचं काम उरकलं होतं, म्हणून बाईंनी शेवटी परवानगी दिली. त्याने पेन ड्राइव्ह लावला आणि मशीन टेस्टवर टाकलं. पडदा निळा झाला. एकूण चार फेऱ्या, सुमारे तीन तास. मेमरीच्या प्रत्येक घरात टेस्ट काहीतरी लिहिणार, परत वाचणार, आणि लिहिलेलं नि वाचलेलं जुळलं नाही की खाली लाल ओळ उमटणार. तूर्त खाली लिहिलेलं होतं, चुका : ०.

तो खुर्चीत बसला. उठला. खिडकीपर्यंत गेला, परत आला.

"असल्या मेमरीनं होतं तरी काय हो?" रक्ताच्या नळ्या स्टँडमध्ये लावता लावता बाईंनी विचारलं.

"एखादं घर बिघडलेलं असलं की शून्याचं एक होतं. तेवढंच. पण घर नेमक्या जागचं असेल, तर आकडा एकदम पासष्ट हजार पाचशे छत्तीसनं फुगतो. कमी नाही, जास्त नाही."

"अगं बाई! तोंडपाठ?"

"धंदाच आहे."

"आमचं तसंच. मी माणसं बघतच नाही. दवाखान्यातून नळ्या येतात, त्यांच्यावर नंबर आणि वय. रस्त्यात पेशंट भेटला तरी ओळखणार नाही मी."

पहिली फेरी संपली. चुका : ०.

फोन वाजला. बायको होती.

"काही निघालं?"

"अजून नाही."

"किती वेळ आहे?"

"तीन फेऱ्या. पोरगी झोपली?"

"आत्ताच. नीट बघा हो. घाई करू नका."

"नाही करत."

"वहिनी जास्तच काळजी करतात दुकानाची," बाई म्हणाल्या. "सांगा त्यांना, काही निघायचं नाही म्हणावं."

त्याने मान हलवली आणि फोन खिशात टाकला. मग त्याच खिशातून एक कागद काढला, पेन मागून घेतलं आणि त्यावर काहीतरी वजाबाकी केली. खोडली. पुन्हा केली. उत्तर तेच आलं असावं, कारण त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर तरतरी आली.

दुसरी फेरी. शून्य.

आता त्याला बसवेना. जीव नुसता टांगणीला लागला होता. पडद्यासमोर उभं राहून तो आकडे पुढे सरकताना बघत होता. त्याने केबल दाबून बघितली, पंख्याचा आवाज ऐकला, खोलीतला एसी बंद केला.

"अहो, शिजायचं की काय आम्ही?"

"गरम झालं की खोट लवकर बाहेर येते, मॅडम."

"कमाल आहे! स्वतःच्याच मालाची खोट काढायला एवढा जीव काढणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय."

तिसरी फेरी. शून्य.

चौथ्या फेरीत नव्वद टक्क्यांवर आकडा थोडा अडखळला. तो एकदम पुढे वाकला. ओठ हलत होते, हात नकळत जोडले गेले होते. ब्याण्णव. शहाण्णव. शंभर.

पडदा हिरवा झाला.

"झालं!" बाईंनी टाळी वाजवली. "पास! एकही चूक नाही. जिंकलात की, कॉम्प्युटरवाले!"

"अजून एक फेरी लावू?"

"पास झालेल्याला परत परीक्षेला बसवता? पुरे आता. सुटलात तुम्ही, आणि मीही सुटले. माझा एकेक रिपोर्ट खणखणीत."

तो पेन ड्राइव्ह काढायला गेला. कोपराचा धक्का लागून टेबलाच्या कडेवरचा कागद खाली पडला. बाईंनी तो उचलला आणि सहज वाचला. ७२,८०० वजा ६५,५३६. खाली दोनदा रेघ मारून ७,२६४, आणि पुढे लिहिलेलं : नॉर्मल.

बाईंचा हात तिथेच थांबला.

"बहात्तर हजार आठशे..." त्या हळूच म्हणाल्या. "पांढऱ्या पेशी, नॉर्मलच्या कितीतरी पट. हा मंगळवारच्या नळीचा आकडा आहे. वय वर्षं सहा. हा तुमच्याकडे कसा?"

फोन वाजला. त्याने तो कानाला लावला. पलीकडून विचारलेलं बाईंनाही ऐकू आलं, "निघाली का हो तुमची चूक?"

"नाही गं," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. "माझं काहीच चुकलेलं नाही."