खात्रीचा इशारा

पूर-अंदाज केंद्रात नदीचं मॉडेल चालवणाऱ्या इंजिनीअर बाईंनी सकाळीच साहेबांपुढे नकाशा धरला. संध्याकाळपर्यंत नदी खालच्या गल्लीत शिरणार होती. बाईंचं घर त्याच गल्लीत होतं, साहेबांचंही.

“घाई नको,” साहेब म्हणाले. “अंदाज चुकला तर लोक तोंडात शेण घालतील. वरून मंजुरी येऊ दे, तोवर घरीसुद्धा बोलायचं नाही.”

मग बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन त्यांनी बायकोला फोन लावला. “गाडी टेकडीवर नेऊन लाव. गाजावाजा नको.”

बाईंनी ते ऐकलं, पण नियमाला धरून घरी फोन केला नाही.

मंजुरी आली ती वरातीमागून घोडं यावं तशी. पाणी गल्लीतल्या घरांच्या पायऱ्यांना लागलं, तेव्हा कुठे इशाऱ्याचा मेसेज सुटला. बाईंनी लगेच सासूबाईंना फोन केला.

“आम्ही दुपारीच टेकडीवरच्या शाळेत आलोय, अख्खी गल्ली,” सासूबाई म्हणाल्या.

“पण मेसेज तर आत्ता गेला.”

 

“तुमच्या मेसेजवर कोण विसंबून बसतंय गं? साहेबांची गाडी टेकडी चढताना दिसली, की आम्ही गाठोडी बांधतो. दरवर्षी.”