पेपरातलं नाव

"आलं का जी नाव?" मनकर्णाबाईंनी भाकर तव्यावर तशीच सोडून विचारलं.

"आलं." रघुनाथरावांनी नागपूरचा पेपर पाटावर पसरला.

मनकर्णाबाईंना वाचता येत नव्हतं, पण नाव अचूक सापडायचं. पांढुर्ण्याच्या बातमीच्या डोक्यावर पाहायचं, बस्स. त्यांनी तिथे कुंकवाचं बोट टेकवलं आणि कात्री आणायला उठल्या.

रघुनाथरावांचं बाजारात कापडाचं दुकान होतं, पण जीव सगळा बातम्यांत. संत्र्याचा हंगाम, जामसावळीची जत्रा, शाळेचा बक्षीस समारंभ, जे घडेल ते लिहून नागपूरला पाठवायचे. या धांदलीत बायकोला अक्षरओळख करून द्यायचं राहूनच गेलं. पहिली बातमी छापून आली तेव्हा धावतच घरी आले होते. "यात तुमचं नाव कोणतं?" मनकर्णाबाईंनी विचारलं. जरा थांबून त्यांनी बोट ठेवलं. बाईंची शाळा तेवढीच.

पण स्वारीचं समाधान होईना. मालासाठी नागपूरला गेले की पेपरच्या कचेरीत चक्कर मारायचे आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत यायचे.

"इतकं नाव येऊन राहिलं, तरी तुमचं मन काहून भरत नाही?"

"एकदा साऱ्या गावानं वाचलं पाहिजे."

"विहिरीवर साऱ्या बायांले मालूम आहे. केसरबाई तर जळून राहिली."

रघुनाथराव पेपरावरच्या कुंकवाकडे बराच वेळ पाहत बसायचे.

छप्पन साली राज्यांची वाटणी झाली. नोव्हेंबरपासून नागपूर मुंबईकडे आणि पांढुर्णा भोपाळकडे जाणार होतं. पेपरवाल्यांनी कळवलं, आता तुमच्याकडच्या बातम्या नकोत. रघुनाथरावांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटचं म्हणून ते नागपूरला जाऊन आले. कचेरीत सगळ्यांसमोर हात जोडले, हे त्यांनी घरी सांगितलं नाही.

ऑक्टोबर संपता संपता त्यांची शेवटची बातमी आली. त्यांनी स्टेशनवरच पेपर उघडला आणि त्यांचे डोळे भरून आले. दुकान उघडायचं सोडून ते तडक घरी आले.

"मनकर्णे, पाह्य! पाह्य तरी!"

मनकर्णाबाईंनी हात पुसले, करंडा उघडला, बातमीच्या डोक्यावर नजर फिरवली. पुन्हा फिरवली. मग पेटीतून जुनं कात्रण काढून त्यांनी नव्या पेपराशेजारी ठेवलं आणि एकेक अक्षर ताडून पाहिलं.

कात्रणावर कुंकवाच्या ठिपक्यापाशी छापलेलं होतं, 'आमच्या वार्ताहराकडून'. नव्या पेपरात त्याच जागी ठळक अक्षरं होती, 'रघुनाथ मोरेश्वर कळंबे'.

मनकर्णाबाईंनी करंडा हळूच मिटला.

"जाऊ द्या जी, मनाले लावून नका घेऊ," त्या म्हणाल्या. "आज त्यायनं दुसऱ्याच कोणाचं नाव टाकलं."