एक शॉट बाकी

कॉलेजात असताना सूरजने मित्रांना जमवून एक सिनेमा काढला होता. त्यात थकून घरी येणाऱ्या बापाचं काम यज्ञेशकडे होतं, आणि नेमकं तेच त्याला जमलं नाही. केसांना पावडर फासून झाली, सूरजने त्याला मुद्दाम चार जिने पळवून पाहिलं. पण दारात आला की गडी ताजातवाना. "यज्ञ्या, तू कामावरून आलायस का पिकनिकवरून?" सूरज वैतागायचा. मग परीक्षा आली आणि त्या एका शॉटवाचून सिनेमा अडला तो अडलाच.

पंचवीस वर्षांनी सूरजला तो पुरा करायची हुक्की आली. संध्याकाळी तो यज्ञेशच्या कोपर स्टेशनजवळच्या घरी येणार होता. या खेपेला लाज राखायचीच म्हणून यज्ञेशने ऑफिसच्या बाथरूममध्ये आरशासमोर खांदे पाडून पाहिले. अजूनही खोटंच वाटत होतं.

घरी आला तर लिफ्ट बंद. चार जिने चढून तो आत शिरला, बॅग ठेवली, बूट न काढताच खुर्चीत टेकला आणि बायकोने, मेघालीने, पुढे केलेलं पाणी गटागटा प्यायला. मग त्याला खिडकीपाशी मोबाइल धरून उभा असलेला सूरज दिसला.

"आलास होय? थांब, जरा दम खातो. मग करू अ‍ॅक्टिंग."

"झाला शॉट," सूरज मोबाइल खाली घेत म्हणाला. "पहिल्याच टेकला ओके. कुठे शिकलास रे?"

रिकामा पेला उचलत मेघाली म्हणाली, "भावजी, अजून एक टेक हवा असेल तर उद्या याच वेळेला या. हे रोज करतात."