तिसऱ्या बिगुलानंतर

“दिवसातून बिगूल किती वेळा वाजायचा?” नोंदणीच्या टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करताच विचारलं.

“तीनदा. तिसरा झाला की गल्लीतली दुकानं बंद,” जावयाने घडाघडा सांगितलं.

खरं तर बराकींमागच्या त्या गल्लीत तो एक दिवसही राहिला नव्हता. पलटण हलली, गल्ली पाडली, त्यालाही पंचवीस वर्षं झाली. पण जुन्या रहिवाशांनी नाव नोंदवावं अशी नोटीस लागली. नोंदवणाऱ्यांना नव्या इमारतीत दोन खोल्या मिळणार, ही बातमी सासूबाईंनीच आणली. त्यांचा अख्खा जन्म तिथे गणवेश धुण्यात गेला होता.

“माझं काय राहिलंय आता? तुमच्याच नावावर होऊ द्या, जावईबापू,” असं म्हणत त्यांनी आठवडाभर त्याच्याकडून सगळं पाठ करून घेतलं. एरवी त्या त्याच्याशी धड बोलत नसत. त्यांच्या मुलीचा हात मोडल्यापासून तर मुळीच नाही. ती बाथरूममध्ये पडली होती, म्हणजे तसं सांगायचं ठरलं होतं. म्हातारीला उपरती झाली म्हणून जावई खूश होता. खोल्या ताब्यात आल्या की तिची उचलबांगडी करायची, हेही त्याने ठरवून टाकलं होतं.

“तिसऱ्या बिगुलानंतर झाकलेल्या गाड्या यायच्या,” साहेब म्हणाले. “तेव्हा काय करायचात?”

“खिडक्या लावून घ्यायचा हुकूम होता.” जावयाने शिकवल्याप्रमाणे आवाज खाली आणला. “पण मी फटीतून बघायचो.”

हे विसरू नका, तिथे राहिल्याचा हाच पक्का पुरावा, असं सासूबाईंनी चार-चारदा बजावलं होतं.

साहेबांचं पेन थांबलं. “काय दिसायचं?”

“माणसं उतरवून आत न्यायचे. डोळे बांधलेली. बाहेर आलेलं कुणी दिसलं नाही.”

साहेबांनी दारातल्या दोघा शिपायांना आत बोलावलं. एकाने कडी लावली.

“एकतीस जण येऊन गेले,” साहेब शांतपणे म्हणाले. “कुणीच काही पाहिलं नव्हतं. सगळ्यांना घरी सोडलं.”

जावयाने बंद दाराकडे पाहिलं. “आणि खोल्या?”

“कसल्या खोल्या?”

साहेबांनी फाईल उघडून त्याच्यापुढे सरकवली. सर्वात वर सासूबाईंच्या अक्षरातला कागद होता: ‘मी काही पाहिलं नाही. पाहिलं ते माझ्या जावयाने.’