क्रेनलाही विचारा

“थांबवा!” बंदराच्या धक्क्यावरून परीक्षक वॉकीटॉकीत ओरडले. आपोआप चालणारी क्रेन कंटेनर हवेत धरून थांबली. वर नियंत्रण केबिनमध्ये, जिथून मी तिच्यावर नजर ठेवते, माझा स्क्रीन काळा झाला.

“मॅडम, न बघता सांगा. क्रेन कुठंय? आता ती काय करणार?”

सगळं सांगितलं आणि माझं डोकंच सटकलं. “तिच्यावर माझं लक्ष आहे का, हेच दरवेळी तपासता. तिचं आमच्यावर आहे का? विचारा तिला, खाली माणसं किती?”

“यंत्राची कसली परीक्षा? त्याचं लक्ष ढळत नाही.”

तरी हसत त्यांनी टॅबवर प्रश्न टाकला. उत्तर मोठ्यानं वाचलं, “खाली कोणीही नाही. कंटेनर उतरवायला...”

त्यांनी मान वर केली. कंटेनर बरोबर त्यांच्या डोक्यावर होता.

“द्या तिला पैकीच्या पैकी,” मी म्हणाले, “पण आधी बाजूला व्हा!”